ग्रीक अक्षरांवरची रेघ

"परत लालच झालं," संस्कृती म्हणाली.

हर्षलनं नुसते खांदे उडवले. पडद्यावर फॉर्मची शेवटची चौकट लाल झाली होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पाचला फॉर्म बंद होणार होता.

तिसगावच्या पेठेत हर्षलचं टायपिंगचं दुकान. आज धाकटी बहीणच गिऱ्हाईक होऊन शेजारच्या खुर्चीत बसली होती. शेतकीची पदवी घेतलेली पोरगी, कोरडवाहू फळबागांचं शिकायला ग्रीसला निघाली होती, तेही शिष्यवृत्तीवर. सगळा फॉर्म इंग्रजीत होता, फक्त शेवटचं हमीपत्र ग्रीकमध्ये. तेही दुसरीकडून उचलून चिकटवलेलं चालत नव्हतं, एकेक अक्षर टाईप करायचं. होत्या दोनच ओळी. पण ग्रीकच्या बहुतेक शब्दांत एका स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ असते. एक रेघ राहिली की चौकट लाल.

ती रेघ कशी आणायची हे तिसगावात हर्षलला ठाऊक नसेल तर कुणाला? निवृत्त याकोब सरांचा ग्रीक-मराठी शब्दकोश मागच्या वर्षी त्यानंच टाईप केला होता. तीनशे पानं! आधी रेघेची कळ दाबायची. पडद्यावर काहीच उमटत नाही. मग स्वर दाबायचा, तो डोक्यावर रेघ घेऊनच येतो. बस, एवढंच.

हर्षल मुद्दाम उलटं करत होता. आधी स्वर, मग रेघ. मग काय, रेघ बिचारी अक्षराच्या शेजारी एकटीच पडायची.

सकाळी गोठ्यात आण्णांनी त्याला बाजूला घेतलं होतं. भिमाजीआण्णा म्हणजे दोघांचे वडील. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घर, गोठा, सगळं संस्कृतीच बघत होती.

"हर्षा, त्यो फॉर्म जाऊ देऊ नगंस," आण्णा म्हणाले होते. "ती गेली तर मला आन् या चार गायांना कोन बघंल? तूच की. मंग दुकान बंद कर आन् ये मळ्यात ऱ्हायला."

"मग तुमीच न्हाई म्हना की तिला."

"मी म्हनलं तर पोरगी जलमभर माझ्या नावानं खडे फोडंल. तुझ्या मशिनीलाच न्हाई म्हनू दे."

हर्षलला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण दुकान बंद करायला त्याचं मन तयार नव्हतं. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा हा बेत होता. तो मान डोलावून निघून आला होता.

"दादा, सरांच्या पुस्तकाला बसल्या हुत्या ना रेघा?" संस्कृतीनं विचारलं.

"तवा कीबोर्ड दुसरा हुता."

संस्कृतीचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या बोटांकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणं! हर्षलनं हात उगाच पँटला पुसले.

"तुला येतं रे दादा," ती म्हणाली. "मी आण्णांना सांगून आलेय, दादा करून देईल म्हणून."

हर्षलनं पडद्याकडे तोंड फिरवलं. किती भोळी ही! कुणाला काय सांगून आली!

साडेचारला त्यानं सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. तीनशे पानांची सवय बोटांत मुरलेली. पाचव्या शब्दाला बोटांनी आपसूक आधी रेघेची कळ दाबली, मग अल्फा. अल्फा रेघेसकट उमटला.

"आलं की!" संस्कृती खुर्चीतून अर्धी उठली. "दादा, आलं बघ!"

"चुकून आलं," तो म्हणाला आणि त्यानं ते पुसून टाकलं. का पुसलंस, असं तिनं विचारलं नाही. ती हळूच परत बसली.

पावणेपाचला मोबाईल वाजला. आण्णा.

"कुठवर आलं रं?"

"चाललंय. रेघा बसंनात."

"बघ बाबा. अजून पंधरा मिनटं हायेत."

दम धर, असंच सांगतायत आण्णा. हर्षलनं मोबाईल उपडा ठेवला. दोन ओळी होत्या, मनावर घेतलं असतं तर दोन मिनिटांचं काम. एकदा वाटलं, टाकावं करून, जाऊ दे पोरीला. मग गोठा दिसला, शेण दिसलं, दुकानाचं खाली ओढलेलं शटर दिसलं. त्यानं आधी स्वर दाबला.

"दादा," संस्कृतीनं अगदी हळू विचारलं, "खरंच जमत न्हाई?"

"न्हाई गं. मशीनच ऐकंना, मी काय करू?"

पाच वाजले. चौकट करडी झाली आणि मुदत संपल्याची ओळ वर आली. हर्षलनं खुर्ची मागं सरकवली. सुटलो, असं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली. बहिणीकडे बघायचं धाडस होईना.

मोबाईल पुन्हा वाजला.

"आण्णा, न्हाई गेला फॉर्म," तो जमेल तेवढा आवाज पाडून म्हणाला. "लई कोशिस केली."

आण्णा म्हणाले, "तिच्याकडं दे."

त्यानं मोबाईल पुढं केला. संस्कृतीनं तो कानाला लावला. तासभर कोरडे असलेले तिचे डोळे आता भरून आले.

"आण्णा, दादाची पारख करून बघितली, तुमचंच खरं निघालं," ती म्हणाली. "बरं झालं, काल तुमी मला शेवगावला नेऊन फॉर्म भरून घेतला."