कोटाचं माप

टेलरमास्तरांनी जन्मभर अख्ख्या गावाचे कपडे शिवले, बायकोचा कोट मात्र "पुढच्या महिन्यात" म्हणत ढकलत राहिले. दुकान कायमचं बंद केल्यावर दोघं पहिल्यांदाच तळ्याकाठच्या लॉजवर राहायला आली, आणि मास्तरांनी मोठ्या हौसेनं टेप काढला.

सकाळी तिचा खांदा पंधरा इंच भरला. जेवण झाल्यावर खात्री करायला त्यांनी पुन्हा मोजला, तर चौदा.

"नीट उभी राहा गं."

"उभीच आहे की! तुमचा टेपच म्हातारा झालाय."

मास्तरांनी टेबल मोजलं, खिडकी मोजली. दोन्हींचं माप दोनदा घेतलं, तरी तेवढंच भरलं. मग पुन्हा तिचा खांदा मोजला. तेरा.

तिच्या उत्साहाला मात्र नुसतं उधाण आलं होतं. "खिसे मोठे ठेवा हं, आणि अस्तर निळं." बोलता बोलता ती खुर्चीत बसली, तेव्हा तिचे पाय जमिनीला पोचले नाहीत.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "राहू दे आता. घरी गेल्यावर घेऊ माप."

"पुन्हा टाळताय? अहो, चाळीस वर्षं थांबलेय मी!"

यावर नाही म्हणायला त्यांना तोंड कुठे होतं? खोलीत भर दुपारचं ऊन पसरलं होतं. मास्तरांनी डोळे गच्च मिटून तिच्या कमरेभोवती टेप गुंडाळला आणि हलकेच आवळला. टेप कुठेही न अडता सरळ त्यांच्या मुठीत गोळा झाला.

"सांगा ना," ती अगदी समोरून, लाडात म्हणाली, "किती भरलं?"