गळ्याइतकं जोतं

बूथ झकास झाला होता, त्यात वाद नाही. पिवळा रंग, काचेचं दार, वर लाल अक्षरांत एसटीडी-पीसीओ आणि त्याखाली मालकाचं नाव, गुणाजी. ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यातला हा पहिलाच फोन बूथ, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. थोरला भाऊ धाकू आणि आळीतले चारपाच जण आठ दिवस खपले होते. गुणाजीला मात्र तिकडे फिरकू दिलं नव्हतं. ऐन दिवशी दाखवायचा, अशी गंमत!

गुणाजी चाकांच्या फळीवर बसून, दोन्ही हातांनी रस्ता रेटत आला. नवा शर्ट, कपाळाला गंध. "आजपासना मना कुनी उचलायचा नाय," असं निघताना आईला बजावून आला होता. बूथसमोर आला आणि थांबला.

समोर जोतं होतं. बरोबर त्याच्या गळ्याइतकं.

"एवढा उंच कशाला रं, दादा?"

"कशाला म्हंजे? तूच बोललेलास ना, मागल्या उधानाला पानी गळ्याशी आलेलं! तवाच तुला फळीवर बसवून घराच्या भिंतीवर खूण केलेली मी." धाकूची छाती फुगली होती. "कितीबी पानी येऊ दे, तुझ्या फोनला थेंब लागनार नाय."

गुणाजीने जोत्याच्या कडेवर हात टेकले आणि जोर केला. अंग अर्धं वर गेलं, शर्टाचं बटण सिमेंटला घासून तुटलं, आणि तो धपकन फळीवर आला. बघणारे "अरे अरे" करत पुढे धावले.

"उतार केला असता तर..."

"गल्ली केवढी, उतार केवढा होईल! मग लोकांनी चालायचं कुठनं? आनि आमी हाव ना!"

आमी हाव ना. शिव्या घालाव्यात तर सगळे आपलेच, आणि हातांना अजून रंग लागलेला.

फोन जोडायला आलेला माणूस घड्याळ बघत म्हणाला, "ज्याच्या नावावर बूथ, त्यानंच बसायचं हां. दुसरं कोणी दिसलं तर लाइन कापतील. बसा लवकर."

चौघांनी उचललं. "गणपती बसवला रे!" कोणीतरी ओरडलं, नारळ फुटला, पेढे वाटले. फोन खणखणला तेव्हा तर टाळ्याच पडल्या. गुणाजी हसला. हसावंच लागलं.

"पानी भरत आलंय, होडी काढतो," धाकू म्हणाला. "सांजचे येतो तुला उतरवायला."

सगळे आपापल्या कामाला पांगले. थोड्या वेळाने आई, रखमाबाई, कप घेऊन आली. आलं घातलेला, दुधाचा चहा. त्याला दिवसाला सहा कप लागायचे.

"घे रं मालक!"

"नको गो, आये."

"का रं? आज तर खुशीचा दिवस."

गुणाजी गल्लीच्या टोकाकडे बघत राहिला. सार्वजनिक संडास तिकडे होते.

"दादा सांजचे येनार," तो हळूच म्हणाला.

रखमाबाईला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने जोत्याकडे पाहिलं, स्वतःच्या वाकलेल्या हाताकडे पाहिलं. सकाळचे अकरा वाजले होते. कपावर तिने बशी झाकली.

जाता जाता तिचं लक्ष खाली पडलेल्या चाकांच्या फळीकडे गेलं. कोणी उचलून नेली तर? ती वाकली आणि फळी काखेत मारून घराकडे निघाली.

"आये," गुणाजी काचेआडून ओरडला, "ती तरी र्‍हाऊ दे गो तिथं!"