रंगीत तालीम

"म्हणजे नुसतं पिस्तूल काढलं तरी गुन्हा?" सुताराने विचारलं.

"उगाच काढलं तर गुन्हाच," वकीलसाहेब म्हणाले. "त्याच्या हातात हत्यार हवं, तुम्हाला पळायला वाट नको आणि जिवाची भीती खरी हवी. मग काढा. गोळी सुटली तरी कायदा तुमच्या बाजूने."

सुताराच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत दोघेच होते. कोणीतरी जिवावर उठलंय म्हणून सुताराने रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं होतं. पण वेळ आली तर आपणच तुरुंगात जाऊ, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. जिवावर कोण उठलंय ते मात्र तो सांगेना. वकिलांनीही खोदून विचारलं नाही. भ्यालेल्या अशिलाला फार छेडू नये, हा त्यांचा जुना नियम.

शिवाय सुतार त्यांचा भक्तच निघाला. एका बेकरीवाल्याने दुकानात आलेल्या तरुणाला गोळी घातली होती. तो खटला सुताराने रोज कोर्टात बसून ऐकला होता. मेलेल्याच्या हातात चाकू होता, हे वकिलांनी न्यायाधीशांच्या गळी असं काही उतरवलं की बेकरीवाला निर्दोष सुटला. तो चाकू खरं तर कोणीच पाहिला नव्हता. हा विषय निघाला आणि वकिलांची स्वारी खुलली.

वकिलांची एक खोड होती. नुसता सल्ला देऊन त्यांचं भागत नसे. स्वतः हल्लेखोर होऊन ते अशिलाकडून सगळी तालीम करून घेत. नाटकात जायचे ते चुकून कोर्टात गेले, असं त्यांची बायको म्हणे.

त्यांनी दाराला आतून कडी घातली, बाकावरची धारदार पटाशी उचलली आणि वाट अडवून उभे राहिले.

"आता मी तो. ओरडा. शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे, साक्षीदार तिथूनच मिळतात."

सुतार आधी नुसता पुटपुटला. वकील वैतागले. मग मात्र तो "पटाशी टाका, मला मारू नका!" असा काही ओरडला, की शेजारच्या गिरणीची घरघर थांबली. "काय झालं हो?" भिंतीपलीकडून कोणीतरी विचारलं.

"शाबास. काढा आता."

सुताराने पिस्तूल काढलं. त्याचा हात अगदी स्थिर होता.

"रिकामं आहे ना?" वकिलांनी हसत विचारलं.

"माझ्या धाकट्या भावाचे हातही रिकामेच होते, साहेब," सुतार हळूच म्हणाला. "चाकू तुम्ही दिलात."