जवळची चेन

देशाला स्वयंपूर्ण करण्याचं काम एस्तेरच्या अंगणात मंगळवारी सकाळी सुरू झालं. त्यासाठी आधी कोंबड्या हाकलाव्या लागल्या.

सुरतहून आलेला टेम्पो दारात उभा होता. भाईदास ड्रायव्हरने त्यातली खोकी अंगणात उतरवली, बाजेवर बसून चहा घेतला आणि तीच खोकी पुन्हा टेम्पोत चढवली. खोक्यांत बॅगांना लावायच्या चेन होत्या. त्या चीनहून सुरतला येत आणि तिथून श्रेणिकशेठच्या नवापूरच्या बॅगांच्या कारखान्यात जात. पण भाईदासचा चहा संपेपर्यंत त्या एस्तेरच्या अंगणात तयार झालेल्या असत. भिंतीवर तसा बोर्डच होता : ‘जोएल चेन उद्योग’.

सरकारने योजना काढली होती. परदेशातून माल न मागवता जो कारखानदार सुटे भाग जवळच्याच माणसाकडून घेईल, त्याला अनुदान. भाषणात याला पुरवठा साखळी घराजवळ आणणं म्हणत. पाड्यावर लोकांनी ‘सप्लाय चेन’ एवढंच ऐकलं आणि ती हीच, बॅगेला लावतात ती, असं गृहीत धरलं. समज अगदीच चुकीचा नव्हता.

एस्तेरचं घर कारखान्याच्या मागे, नाल्यापलीकडे. याहून जवळचा माणूस शेठला मिळाला नसता. फक्त त्या घरातला माणूस घरात नव्हता. तिचा नवरा जोएल सुरतच्या गोदामात हमाली करत होता. टेम्पोत हीच खोकी तोच चढवायचा.

“तुले काहीच करनं नही, बेन,” शेठ म्हणाले होते. “बोर्ड जोएलना नावना. अनुदान येवा दे, मंग जोएलले कारखान्यामा कायम करी टाकसू. नाताळ घरच करी तो. मन्हा शब्द शे.”

“शब्दालापण एक चेन लावा शेठ,” एस्तेर म्हणाली. “रस्त्यात सांडतो तो.”

शेठ हसले. तीही हसली आणि हो म्हणाली. मुलगी रांगत होती तेव्हा जोएल गेला होता. आता ती पळत होती.

टेम्पोबरोबर जोएल कधी बिस्किटं पाठवी, कधी झबलं. परत जाणाऱ्या टेम्पोत एस्तेर नागलीच्या भाकरी आणि सुकट बांधून देई. योजनेतली तेवढी साखळी मात्र चोख चालू होती. टेम्पोचा हॉर्न वाजला की मुलगी ‘पप्पा’ म्हणत धावायची. एस्तेरने आधी तिला दुरुस्त केलं. मग सोडून दिलं.

पावसाळा सरताना तपासणीचे साहेब श्रेणिकशेठबरोबर आले. त्यांनी बोर्ड पाहिला, खोकी पाहिली. कोंबड्या पाहिल्या, पण त्यांची नोंद केली नाही.

“मालक कुठे आहेत?”

“सुरतला,” एस्तेर म्हणाली.

“कशासाठी?”

“मजुरीला.”

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. रविवारी प्रार्थनेला जायचं होतं. साहेबांचं पेन थांबलं. श्रेणिकशेठना खोकला आला. साहेबांनी शेठकडे पाहिलं, त्यांच्या खोकल्याचा मान राखला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “उद्योगानिमित्त परराज्यात.”

अनुदान आलं. कारखान्याला नवी शेड झाली. आतमध्ये भरती सुरू आहे असं कळल्यावर एस्तेर मुलीला कडेवर घेऊन शेठकडे गेली. शेठनी खुर्ची दिली, तेव्हाच तिला शंका आली.

“बेन, मी सरकारी हापिसमा इचारी वनू,” शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. “जो माल देस, त्यालेच नोकरीवर ठेवता येत नही. तसा नियम शे. अनुदान परत जाई.”

“मग बोर्ड काढा.”

“बोर्ड काढा तरी परत जाई. पाच वरीस ठेवना पडी.”

एस्तेर खिडकीतून बघत राहिली. नाल्यापलीकडे तिचं घर दिसत होतं. बोर्ड तर इथूनही वाचता येत होता.

“म्हणजे तो मालक आहे म्हणून त्याला काम नाही.”

“बरोबर,” शेठ म्हणाले, आणि हे आपण बोलायला नको होतं असं वाटून त्यांनी चहा मागवला.

पुढच्या महिन्यात रेशन दुकानदाराने तिची पिशवी रिकामी परत दिली. कारखानदाराच्या घरी स्वस्त धान्य कसं द्यायचं, असं त्याने विचारलं. त्याचंही बरोबर होतं. एस्तेर पंप चालू असेल त्या शेतात निंदणीला जाऊ लागली. टेम्पो आला की धावत येऊन चहा टाकायची आणि पुन्हा जायची.

नाताळला टेम्पो आला. त्यात केक होता, वाटेत एका बाजूने दबलेला. मुलीने टेम्पोच्या चाकाला मिठी मारली. भाईदासने त्या दिवशी इंजिन बराच वेळ सुरू केलं नाही.

फेब्रुवारीत नंदुरबारला मोठा कार्यक्रम झाला. गावातच उद्योग उभारून तालुक्यातलं स्थलांतर थांबवल्याबद्दल आदर्श स्थानिक उद्योजक म्हणून श्री. जोएल यांची निवड झाली होती. नाव पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या. एस्तेर मुलीला घेऊन व्यासपीठावर चढली. पाहुण्यांनी शाल तिच्या हातात दिली, मुलीच्या गालाला हात लावला आणि आपुलकीने विचारलं, “जोएलभाऊ स्वतः नाही आले?”

त्या दिवशी सुरतला चीनहून कंटेनर आला होता. जोएलला सुट्टी मिळाली नव्हती.