डागाची दवा

लढाई लागल्यापासून डाग काढायची विलायती बाटली अकोल्यात मिळेना. मग गोदाबाई ब्लिचिंग पावडर अन् धुण्याचा सोडा पाण्यात कालवून, वरचं निवळ पाणी गाळून, ती दवा घरीच करू लागली. नवऱ्याच्या उपरण्यावरचं खोकल्यातलं रक्त रोज त्यातच धुवावं लागे. क्षयाची कुणकुण लागली, तर लेकीचं जुळत आलेलं लग्न मोडणार होतं. आज मुलाकडचे सुपारी फोडायला येणार होते.

“पावन्यांले वास आला तं?” नवऱ्यानं विचारलं.

“येऊ द्या. म्हनतीन, घर लय साफ हाय.”

दुपारी सुपारी फुटली. जावई गोदाबाईच्या पाया पडायला वाकला. त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याला तोच उग्र वास येत होता. तिनं विहिणीकडं पाहिलं.

विहीण हळूच म्हणाली, “आमी बी घरीच करतो, ईनबाई. रोजच लागते.”