दसऱ्याचं पाणी

कॉम्प्युटरच्या डब्यावर पुसूनही न गेलेलं कुंकू होतं. हर्षितने तिकडे न बघता बाजूचं झाकण उघडलं आणि आईला म्हणाला, "चहा ठेव ना थोडा."

कुंताबाई दारातून हलली नाही. "पुरा जळला का रे? माह्याच हातानं गेला नं?"

"पाहू तं दे."

"फुलानं शिंपडलं रे बाप्पा. दोन थेंब. फवारणीच्या पंपावर शिंपडलं तसंच याच्यावर."

दसऱ्याला या घरात जे जे राबतं त्याची पूजा होते. विळे, फावडी, पंप आणि आता हर्षितच्या ताईचा, आचलचा कॉम्प्युटर. यंदा पूजा झाली, संध्याकाळी आचलने बटण दाबलं, आतले पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. चंद्रभानने चारचौघांत बायकोला विचारलं, "करंटच्या डब्यावर पानी शिंपडतेत काय?" तिथेच निकाल लागला. कुंताबाईने मान खाली घातली.

खरा चोर तेव्हा सावंगीच्या बसमध्ये होता. बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड. तिथल्या हॉस्टेलवर मित्रांचे गेम रंगात आले होते आणि खोलीवरचं जुनं मशीन धापा टाकत होतं. हर्षितला वाटलं, दिवाळीपर्यंतचा तर प्रश्न. आचलला लग्नपत्रिकाच करायच्या असतात, तेवढं प्रोसेसर आतल्या ग्राफिक्सवर निभावून नेईल.

पण त्या प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नव्हतंच. कॉम्प्युटर घेताना वर्ध्याच्या दुकानातल्या रुपेशने प्रोसेसरचे दोन डबे समोर ठेवले होते. "याच्यात ग्राफिक्स आतच हाय, ताईच्या कामाले बस हाय. त्याच्यात नाई. त्याले वेगळं कार्ड लागतेच. कार्ड काढलं का पडदा काळा." सगळं कळतं असा आव आणून दुसऱ्या डब्यावर बोट ठेवलं ते हर्षितने. सुट्टीत आपले गेम चालावेत म्हणून. रुपेशचं शेवटचं वाक्य मात्र डोक्यावरून गेलं होतं.

आचलचा फोन आला तेव्हा ते आठवलं. खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण आधी तीच म्हणाली, "आईनं पानी टाकलं," आणि हा म्हणाला, "दिवाळीत आलो का पाहतो." तेव्हापासून आचल तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका प्रेसवाल्याच्या दुकानात बसून करत होती.

कुंताबाई शेवटी आत गेली. त्याने घाईघाईने बॅगेतून कार्ड काढलं, खाचेत दाबलं, स्क्रू पिळला, केबल लावली. पडदा उजळला. आचलने लावलेला वांग्याच्या वावराचा फोटो आला. मधोमध आई उभी होती, हसत.

आई आली ती एकच कप घेऊन. पडद्याकडे पाहून तिने तो खाली ठेवला आणि हात जोडले.

"तुहा चहा?"

"सोडला होता. हे चालू होईस्तोवर."

उठल्या उठल्या चहा नसेल तर या बाईचं डोकं धरायचं. हर्षितला स्वतःची लाज वाटली, अशी की कुठे पाहावं ते कळेना.

"आई, पाण्यानं काईच नाई झालं. याच्यातलं कार्ड मीच काढून नेलतं. आता परत लावलं."

कुंताबाईचे डोळे भरून आले.

"आईची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यला का रे?"

"खरं सांगून राह्यलो, आई."

"मले समजते नं बाप्पा, तू काऊन म्हणतं ते." तिने पदराने डोळे टिपले. "पण बाबासमोर नको बोलू असं. त्यांले खरं वाटीन, तुलेच बोलतीन ते. माहं तं बोलणं खाऊन झालं."

तिने कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

"घे. पयला घोट तुहा. तुह्यानंच सुटला माहा नेम."