हौसाबाईंची भूक

"भूक न्हाई, बाई," म्हणत हौसाबाईंनी पेजेची वाटी बाजूला सारली. पण शेजारी बसलेल्या शर्वरीच्या पोटात भुकेने आग पडली.

शर्वरी वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या मनगटावरच्या पट्ट्यातून रुग्णाला होणारा त्रास तिलाही जाणवायचा. रुग्णाशी मायेने वागायचं कसं, हे हल्ली असंच शिकवत.

हौसाबाईंना जठराचा कर्करोग होता. पहिल्याच दिवशी पेज त्यांच्या पोटात गेली आणि अशी कळ आली, की शर्वरी किंचाळून खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने भीतीने पट्टा गुपचूप बंद ठेवला. तेव्हापासूनच हौसाबाई जेवेनाशा झाल्या. अन्नावरची वासनाच गेली, असं डॉक्टर म्हणाले. आज, दहा दिवसांनी, शर्वरीने धीर करून पट्टा पुन्हा सुरू केला होता.

"मावशी, खोटं का बोलता? किती भूक लागलीये तुम्हाला!"

हौसाबाई ओशाळल्या. "म्या खाल्लं की तुला दुखतंय गं. कोवळी पोर तू. त्या दिशी कशी वरडलीस!"

शर्वरीला हुंदका आवरेना. "मावशी, पट्टा बंद होता हो. मी भ्याले होते."

हौसाबाईंनी तिचा हात थोपटला. "बरं केलंस की."

शर्वरीने डोळे पुसून चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं, पण गिळण्याची ताकद आता उरली नव्हती. पेज ओठांच्या कडेने ओघळली. शर्वरी ती ओढणीने टिपत राहिली आणि तिच्या पोटातली भूक हळूहळू मंद होत गेली.